वेव्ह फाईल : आवाज कुठे, नाव कुठे?

जुन्या कॅसेटवरील नात, कव्वाली, बयान संगणकावर उतरवून देणाऱ्या आपल्या दुकानदार बांधवांनी वेव्ह फाईलची रचना समजून घ्यावी. मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ साली आणलेल्या या फाईलमध्ये आवाज सहसा न दाबता साठवतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा वेगळा. साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीहून अधिक जागा लागते. दर ठरवताना हे धरावे.

फाईलच्या तोंडाशी बहुधा ४४ बाइटचे लेबल असते. त्यात नमुन्यांचा वेग, बिट, चॅनेल आणि आवाजाची लांबी. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की लांबी लिहायची राहते व फाईल उघडत नाही. अशा वेळी जुनी कॅसेटही तुटलेली असेल तर? फाईल पुसू नये. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ती ‘रॉ’ म्हणून उघडावी आणि तेच आकडे हाताने भरावेत. डिस्कवर उतरलेला आवाज बहुतेक वेळा मिळतो. वेग कमी भरला तर मात्र कव्वाल जाड आवाजात, संथ गाऊ लागतो!

कव्वालाचे नाव, साल यांचा कप्पा वेगळा. काही प्रोग्रॅम तो वाचत नाहीत, काही पुन्हा सेव्ह करताना गाळतात. म्हणून ते फाईलच्या नावातही लिहावे, आणि दुकानाच्या वहीतही.