नंदादेवीवरील प्लुटोनियम आणि गंगाकाठची शेती

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरून वाहणाऱ्या गंगेत नंदादेवीच्या हिमनद्यांचे पाणीही मिसळलेले असते. चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी १९६५ मध्ये भारत व अमेरिकेच्या संयुक्त मोहिमेने प्लुटोनियमवर चालणारे विद्युतजनित्र या पर्वतावर नेले. हिमवादळामुळे ते वाटेतच ठेवावे लागले. पुढील वर्षी ते सापडले नाही. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी एप्रिल १९७८ मध्ये संसदेला ही माहिती दिली. त्यानंतरच्या शास्त्रीय तपासणीत पाण्यात प्रदूषण आढळले नाही.

प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षे असल्याने २०५३ च्या सुमारासही त्यातील निम्मे शिल्लक असेल. हे द्रव्य पाण्यात विरघळण्याऐवजी प्रामुख्याने गाळाला चिकटते. जनित्राचे कवच फुटलेच, तर हा प्रश्न पाण्याइतकाच गाळावर पिकणाऱ्या शेतीचाही ठरेल.

किरणोत्सर्गी द्रव्ये जमिनीवर पडल्यास काय घडते, हे अन्यत्र दिसले आहे. चेर्नोबिल येथे १९८६ मध्ये जंगलातील पालापाचोळ्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या झपाट्याने घटली. शेतजमिनीत मातीच्या थराने संरक्षण दिल्याने हानी तुलनेने कमी झाली. फुकुशिमा येथील २०११ च्या दुर्घटनेनंतर आंबुशीवर वाढणाऱ्या लहान निळ्या फुलपाखरांत पंखांच्या व डोळ्यांच्या विकृती नोंदविण्यात आल्या. ही फुलपाखरे भारतातही आढळतात.

प्लुटोनियमचे अल्फा किरण कागदानेही अडतात; परंतु ते पोटात गेल्यास घातक ठरतात. म्हणून माती गिळणाऱ्या गांडुळांना त्याचा धोका अधिक असतो. जमीन सुपीक ठेवणारे हे जीव घटले, तर त्याची झळ पिकांनाही पोहोचते.