गुणपत्रकावरची दुसरी सही

लॉस एंजेलिसच्या २०२८ मधील ऑलिंपिकमध्ये गोल्फची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार असल्याने या खेळातील पदकांची गणिते मांडली जात असली, तरी गोल्फकडून इतर खेळांनी घ्यावी अशी खरी गोष्ट पदकांत नसून क्लबच्या सदस्यांच्या मोबाइलवर चालणाऱ्या गुणनोंदीच्या व्यवस्थेत आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा येरवड्याचा पूना गोल्फ क्लब यांसारख्या संस्थांचे जग नंदुरबारपासून फार दूरचे आहे. मात्र त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला न्यायाचा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी होणाऱ्या शालेय स्पर्धांनाही तितकाच लागू पडतो.

या विचाराचे नाव हँडिकॅप. हा शब्द गोल्फमध्ये घोड्यांच्या शर्यतींतून आला. तेथे सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन स्पर्धा समतोल केली जाते आणि दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घोडे पारखणाऱ्यांना यातील मर्म सहज उमगेल. गोल्फमध्ये वजनाऐवजी फटक्यांची सवलत मिळते. आठ हँडिकॅपच्या खेळाडूने ८२ फटक्यांत आणि वीस हँडिकॅपच्या खेळाडूने ९२ फटक्यांत फेरी पुरी केली, तर सवलत वजा जाता अनुक्रमे ७४ आणि ७२ उरतात व दुसरा जिंकतो.

ही सवलत ठरते कशी, हे येथे महत्त्वाचे आहे. २०२० पासून लागू होत गेलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठांची सरासरी घेतली जाते आणि प्रत्येक फेरीचा हिशेब करताना मैदानाची काठिण्यपातळीही धरली जाते. उदाहरणार्थ, मैदानाचे मानांकन ७०.५ आणि सामान्य खेळाडूला ते किती अवघड जाते हे दाखवणारा आकडा १२५ असेल, तर ९० फटक्यांच्या फेरीतून ७०.५ वजा करून उरलेल्या १९.५ ला ११३ भागिले १२५ ने गुणायचे आणि १७.६ हे उत्तर नोंदवायचे. यातील ११३ हा प्रमाण मैदानाचा आकडा होय. स्पर्धेतील शंभर जणांसाठी हे गणित कागदावर करत बसणे आयोजकांना जड जाते, तर ॲप ते क्षणात करते. बरोबरी झाल्यास शेवटचे नऊ, सहा, तीन आणि अखेरचा एक होल या क्रमाने गुण पाहून निकालही लावते.

तथापि, या व्यवस्थेचा खरा आधार गणित नसून दुसरी सही हा आहे. गोल्फमध्ये खेळाडूचे गुण मार्कर, म्हणजे नोंद ठेवण्यासाठी नेमलेली दुसरी व्यक्ती, लिहिते आणि गुणपत्रकावर दोघांच्या सह्या लागतात. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेन्सो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. मार्करने चार लिहिले, दे विचेन्सो यांनी न तपासता सही केली, नियमाप्रमाणे ६५ ऐवजी ६६ ग्राह्य धरले गेले आणि एका फटक्याने विजेतेपदाची बरोबरी हुकली. ॲपवर दोघांनी आपापली नोंद स्वतंत्रपणे केली, तर तफावत तेथल्या तेथे दिसू शकते आणि सही होण्याआधीच चूक सुधारता येते.

अर्थात यंत्राला चेंडू दिसत नाही. सवलत फुगवण्यासाठी मुद्दाम वाईट खेळणाऱ्यांवर काही अंकुश आहे, कारण आपल्या हँडिकॅपपेक्षा सात किंवा अधिक फटक्यांनी सरस फेरी झाली की तो आपोआप घटतो. पण खोट्या नोंदीला साक्षीदाराने मान्यता दिली तर कोणतेही ॲप हतबल ठरते.

नेमका हाच धडा नंदुरबारला घ्यायचा आहे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धांतील प्रमाणपत्राला मोठे मोल आहे, कारण खेळाडूंच्या वाढीव गुणांची आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के आरक्षणाची वाट अशा प्रमाणपत्रांवरूनच जाते, तर बनावट प्रमाणपत्रांमुळे खऱ्या खेळाडूंनाही पडताळणीचा फेरा सोसावा लागतो. धावण्याच्या शर्यतीची वेळ वा उडीचे अंतर मैदानावरच मोबाइलमध्ये भरले गेले, त्याला दुसऱ्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाने दुजोरा दिला आणि ती नोंद नंतर कोणालाही गुपचूप बदलता आली नाही, तर धडगावच्या मुलीला आपली कामगिरी पुन्हा सिद्ध करत बसावे लागणार नाही. मात्र अक्कलकुवा आणि धडगावच्या अनेक पाड्यांवर रेंज मिळत नसल्याने, नोंद आधी मोबाइलमध्ये साठवून नेटवर्क येताच पुढे पाठवणारे, मराठीत चालणारे आणि साध्या मोबाइलवर उघडणारे ॲपच येथे कामाचे आहे. जिल्ह्याच्या क्रीडा यंत्रणेने महागड्या ॲपच्या मागे न लागता पुढच्या हंगामात एका तालुक्यात, एका खेळापुरती का होईना, दुसऱ्या सहीची ही पद्धत सुरू करावी.