पत्र्याचे इंजिन शिट्टी कसे वाजवते?

माझे आजोबा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. बाबा लहान असताना आजोबांनी त्यांच्यासाठी जपानच्या कोबे बंदरातून पत्र्याचे एक रेल्वे इंजिन आणले होते. गेल्या उन्हाळी सुट्टीत ते आमच्या माळ्यावर सापडले. सेल घातल्यावर ते धावले, पुढचा दिवाही लागला, पण शिट्टी वाजली नाही. आजी म्हणाली, "शिट्टीच नाही तर मग त्यात काय राहिलं?" त्या शिट्टीचे काय झाले हे शोधता शोधता मला जुन्या जपानी खेळण्यांचा छंद लागला.

ही खेळणी समजून घ्यायची तर 1945 सालापासून सुरुवात करावी लागते. युद्धात हरलेल्या जपानमध्ये कच्चा माल मिळत नव्हता. तेव्हा मात्सुझो कोसुगे नावाच्या कारागिराने ओत्सू गावात अमेरिकन सैन्याने टाकून दिलेले अन्नाचे रिकामे डबे गोळा केले, ते कापून सपाट केले आणि त्या पत्र्यापासून छोटी जीप बनवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती क्योटोच्या एका मोठ्या दुकानात विकायला आली आणि लोकांनी ती घेण्यासाठी रांगा लावल्या. पुढे खेळण्यांची निर्यात सुरू झाली. 1947 पासून निर्यातीच्या मालावर 'ताब्यातील जपानमध्ये बनवलेले' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का येऊ लागला. 1952 च्या एप्रिलमध्ये ताबा संपला. त्यामुळे हा शिक्का दिसला की खेळण्याचा काळ चटकन ओळखता येतो.

आमच्या इंजिनावर 'मॉडर्न टॉइज' असा शिक्का आहे. हे मासुदाया या जपानी कंपनीचे व्यापारी नाव. 1955 मध्ये रेडिओवर चालणारी खेळण्यातली बस याच कंपनीने आणली होती. तिच्या इंजिनांची नावे 'वेस्टर्न स्पेशल', 'सिल्व्हर माउंटन' अशी असत, कारण मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. म्हणूनच या इंजिनांचा थाटही अमेरिकन आहे.

आता आवाजाकडे वळू. या खेळण्यांत ध्वनिमुद्रित आवाज नसतो. मोटर किंवा चावीची स्प्रिंग जी चाके फिरवते, तीच आवाजही काढते. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार घंटेचा. चाकाच्या आसावर एक उंचवटा असतो. आस फिरताना तो छोट्या हातोडीला उचलतो आणि सोडतो. हातोडी घंटीवर आपटते. गाडी जितकी वेगात, तितकी घंटा भरभर.

दुसरा प्रकार 'छुकछुक'चा. पोलादाची पातळ पट्टी दातेरी चाकावर टेकवलेली असते. प्रत्येक दात पट्टीला उडवतो. सायकलच्या तारांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून आपण फटफटीचा आवाज काढतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रकार शिट्टीचा. इंजिनाच्या पोटात हार्मोनियमसारखा, पण आगपेटीएवढा भाता असतो. मोटरला जोडलेली दांडी तो उघडते आणि दाबते. दाबलेली हवा बारीक शिट्टीतून बाहेर पडते. पत्रा साठ वर्षे टिकतो, पण भात्याच्या घड्या वाळतात आणि चिरतात. मग दांडी हलत राहते आणि हवा चिरांतून निघून जाते. आमच्या इंजिनाचे हेच झाले होते.

हे कळले ते इंजिन उघडल्यावर, आणि उघडताना मी एक चूक केली. या खेळण्यांत स्क्रू कमी असतात. सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई करतात, मग तो साच्यात दाबून आकार देतात. एका भागाचे छोटे कान दुसऱ्या भागाच्या खाचेतून काढून वाकवले की जोडणी झाली. हे कान एकदाच वाकवण्यासाठी असतात. मी घाईने एक कान सरळ केला आणि तो तुटून हातात आला. बाबा रागावले नाहीत, पण बराच वेळ काही बोललेही नाहीत. ते मला जास्त लागले.

संग्राहकांपुढचा खरा प्रश्न हाच असतो. खेळणे मूळ स्वरूपात, पण मुके ठेवायचे की दुरुस्त करून बोलते करायचे? न उघडलेल्या खेळण्याला बाजारात मान असतो. पण जे खेळणे आवाजासाठीच बनवले, ते मुके ठेवणे म्हणजे अर्धेच जपणे, असे मला वाटते.

तुम्हाला असे खेळणे मिळाले तर काही गोष्टी लक्षात ठेवा. सेल घालण्याआधी सेलची जागा तपासा. पांढरे-हिरवे किटण दिसले तर जुने सेल आत फुटले आहेत असे समजा. छपाईवर पाणी किंवा थिनर लावू नका, मऊ कोरडे कापड पुरे. मूळ खोका टाकू नका, कारण खेळणे काय काय करते हे बहुधा त्यावर छापलेले असते. खेळून झाल्यावर सेल काढून ठेवा. आणि कान वाकवण्याआधी दहापर्यंत आकडे मोजा.

शेवटी बाबांच्या परवानगीने मी भाता दुरुस्त केला. रबरी हातमोज्याची पातळ पट्टी कापून चिरांवर चिकटवली. तुटलेला कान आणि केलेल्या दुरुस्तीची तारखेसह चिठ्ठी एका डबीत ठेवली, म्हणजे पुढे कुणी इंजिन उघडले तर मूळ काय आणि माझे काय हे त्याला कळेल.

शिट्टी वाजली, पण घोगरी. आजी ऐकून म्हणाली, "तेव्हा याहून मोठ्यानं वाजायची. तुझा बाबा दुपारी कुणाला झोपू द्यायचा नाही." मग तिने इंजिन पुन्हा एकदा चालवायला सांगितले.