बधिर पायांचा व्यायाम

मोसंबीच्या बागेत पायात काटा रुतला आणि रक्त दिसेपर्यंत कळलंच नाही, असं जालन्याकडचा कुणी शेतकरी सांगू लागला, तर ते काटकपणाचं लक्षण समजू नये. मधुमेहात साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या बोटांपासून नसा निकामी होत जातात. अनेकांना आधी मुंग्या येतात, आग होते, मग जाणीवच जाते. ब-12ची कमतरता, दारू, कुष्ठरोग हीही कारणं असतात; म्हणून आधी तपासणी.

व्यायामाने गेलेली जाणीव परत येईल, अशी आशा धरू नये. सुधारतो तो तोल. पाऊल जमिनीची खबर देईनासं झालं की ते काम डोळ्यांना आणि पिंडऱ्या-मांड्यांच्या स्नायूंना करावं लागतं. ओटा धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीजवळ काही सेकंद एका पायावर उभं राहणं. हे सगळं उजेडात, कारण अंधारात डोळ्यांचाही आधार जातो. जोडीला आठवड्याला 150 मिनिटं चालणं, झेपेल तसं वाढवत.

गवतावर अनवाणी चालण्याचा लोकप्रिय सल्ला इथे सरळ धुडकावा. कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरली जाणारी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबरची) चप्पल मधुमेहींनाही चालते. रोज तळवे पाहा; फोड किंवा जखम दिसली, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत चालण्याचा व्यायाम बंद, बसून करायचे चालू.