फायबर गावठाणात, माणसं वस्तीवर

तार कुठवर आली

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच आजची भारतनेट. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने ‘महानेट’ या नावाने अंगावर घेतलं. ग्रामपंचायतीला 100 एमबीपीएस वेग मिळावा, हे मूळ उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट ग्रामपंचायतीपाशी संपतं, घराच्या उंबऱ्यापाशी नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

वस्तीचं अंतर

पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी अनेक कुटुंबं गावठाण सोडून रानात राहायला गेली. वस्तीवर चार-सहा घरं, मध्ये उसाचे फड, पुढची वस्ती लांब. शहरात एका इमारतीत जेवढ्या जोडण्या मिळतात तेवढ्यांसाठी इथे कित्येक किलोमीटर केबल ओढावी लागते. महिन्याच्या भाड्यातून तो खर्च लवकर निघत नाही, म्हणून केबलवाला वेशीपाशीच थांबतो. मग ई-पीक पाहणीच्या ॲपवर पिकाचे फोटो चढवायला शेतकरी मोबाइलला रेंज मिळेल तिथवर जातो.

तुटते कशी, जुळते कशी

नीरा नदी किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यावरून रानात पाणी आणायला पाइपलाइनची चारी खणतात. जेसीबीचं बकेट केबलला लागलं की संपलं. रस्त्याच्या रुंदीकरणातही हाच धोका. आतले काचतंतू केसाएवढे बारीक. तुटलेली टोकं सोलून, पुसून, सरळ कापून मशिनवर वितळवून जोडावी लागतात. हे काम गावच्या वायरमनचं नव्हे. मशिन आणि कारागीर बाहेरून येईपर्यंत पंचायतीतला नेटचा डबा बंद. लाइट गेली आणि बॅटरी उतरलेली असली तरी तेच.

केबल सरळ रेषेत टाकलेली असेल, तर एका ठिकाणी तुटताच पुढची सगळी गावं बंद पडतात. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच गोलाकार जोडणी ठरली: एक बाजू तुटली तरी दुसरीकडून चालू. देखभालीचा करारही दहा वर्षांचा आहे. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

शेवटचा टप्पा हवेतून

पंचायतीपासून वस्तीपर्यंत बिनतारी जोडणी स्वस्त पडते, पण नेहमीच्या वाय-फायच्या लहरींना झाडं आडवी येतात. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ गटाने पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या मोकळ्या लहरी वापरून पाहिल्या. त्या झाडीतून अधिक दूर जातात. गरज घरापुरतीच नाही: बारामतीत कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग सुरू केले आहेत. त्यातले सेन्सर थेट शेतात बसतात, म्हणजे नेट तिथवर पोहोचायलाच हवं.