वीड, लॉरेन्स

(२६ डिसेंबर १९२३ – ३ जून २०१७). अमेरिकन वैद्य, अध्यापक व वैद्यकीय माहितीशास्त्राचे एक प्रवर्तक. समस्याकेंद्री रुग्णनोंद पद्धती आणि तीवर आधारलेली संगणकीय प्रणाली यांबद्दल ते प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे झाला. हॅमिल्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९४७ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची एम्.डी. पदवी संपादन केली. येल विद्यापीठात काही काळ अध्यापन केल्यावर १९५६ मध्ये ते मेन राज्यातील बँगोर येथील रुग्णालयात गेले. पुढे क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात व त्यानंतर व्हर्मांट विद्यापीठात ते प्राध्यापक होते.

वीड यांची सुरुवातीची घडण प्रयोगशाळेतील संशोधनात झाली होती. संशोधकाच्या टिपणवहीत प्रश्न, निरीक्षण व अनुमान यांची संगती असते. रुग्णाच्या केसपेपरात मात्र डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळा यांच्या नोंदी केवळ आल्या त्या क्रमाने साठत जातात, हा विरोध त्यांना तीव्रतेने जाणवला. अशा नोंदींवरून उपचारामागील विचार कळत नाही आणि तो तपासताही येत नाही, असे त्यांचे मत होते.

यावर त्यांनी सुचविलेल्या पद्धतीत नोंदीचे चार भाग असतात : रुग्णाविषयीची मूलभूत माहिती, त्याच्या सर्व समस्यांची क्रमांकित यादी, प्रत्येक समस्येची प्रारंभिक योजना आणि प्रगतीच्या नोंदी. यादी अग्रभागी असून ती अनुक्रमणिकेचे काम करते. समस्या जितकी उलगडली असेल तितकीच लिहावी, असा वीड यांचा आग्रह होता. उदा., रुग्णास कावीळ दिसत असून तिचे कारण ठरले नसेल, तर ‘कावीळ’ एवढेच लिहावयाचे. यकृतशोथाचा नुसता तर्क निदान म्हणून नोंदवावयाचा नाही. प्रगतीची प्रत्येक नोंद संबंधित समस्येच्या क्रमांकाखाली, रुग्णाचे कथन, तपासणीतील निष्कर्ष, मूल्यमापन व योजना या क्रमाने केली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा क्रम ‘सोप’ या नावाने ओळखला जातो.

या विषयावरील त्यांचा लेख १९६८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन भागांत आला व १९६९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एमरी विद्यापीठातील हृद्‌रोगतज्ञ जे. विलिस हर्स्ट यांनी पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला. परस्परांशी निगडित लक्षणे वेगवेगळ्या समस्यांखाली विखुरली जातात व लिहिण्यात वेळ फार जातो, असे आक्षेपही घेण्यात आले.

व्हर्मांट येथे वीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती संगणकावर आणली. ‘प्रॉमिस’ या नावाच्या या प्रणालीत डॉक्टर व परिचारिका पडद्यावरील पर्यायाला स्पर्श करून नोंद करीत. नोंद होत असतानाच त्या समस्येसंबंधीचे वैद्यकीय ज्ञान समोर येई. १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या रुग्णालयातील काही कक्षांत ती वापरली गेली. तथापि तिचा व्यापक प्रसार झाला नाही. १९८२ मध्ये वीड यांनी स्वतःची संस्था काढून, रुग्णाची माहिती व वैद्यकीय ज्ञान यांची सांगड घालणाऱ्या संगणकीय साधनांवर काम चालू ठेवले. मुलासमवेत लिहिलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी याच भूमिकेचा पाठपुरावा केला.

कोणत्याही डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहू नये, हे त्यांच्या सर्व कार्याचे सूत्र होय. आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे. प्रशासनाकडे जाणारे रुग्णसेवेचे आकडे मुळात रुग्णाच्या खाटेपाशी केलेल्या नोंदींतून निघतात. तेथील नोंद विस्कळीत असेल, तर त्यांची बेरीज कितीही वेगाने केली तरी विश्वसनीय ठरत नाही. आज ‘सोप’ पद्धतीची नोंद व समस्यांची यादी जगभर रूढ आहे. परंतु अनेक ठिकाणी त्यांचा केवळ साचा उरतो. नोंदीने उपचाराला दिशा द्यावी आणि उपचार करणाऱ्याला शिकवावे, ही वीड यांची मूळ अपेक्षा अंशतःच सफल झाली आहे.