चिमूटभर अजिनोमोटो

चायनीजच्या गाडीवर कढई धडाडून पेटते आणि नूडल्सवर बारीक, चकचकीत पांढरे दाणे पडतात. हेच ते बदनाम अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली आणि तिला 'उमामी' म्हटलं. तेच ग्लुटामेट आपल्या पिकलेल्या टोमॅटोतही असतं. शरीर दोन्हींत फरक करत नाही.

बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रातून. चिनी जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं, अशी तक्रार होती. पुढे चाचण्या झाल्या. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काहींना डोकेदुखी, घाम असा तात्पुरता त्रास झाला; जेवणाबरोबर मात्र तो सातत्याने दिसला नाही. अजिनोमोटो घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात सहसा अर्धा ग्रॅमही नसतं. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली.

अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ३९. रक्तदाब असेल, तर आधी चायनीजच्या प्लेटमधल्या मिठाकडे आणि सोया सॉसकडे बघा.